उचल फिटली, आता किल्ली द्या

धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा, तालुक्याचं कुठलंही गाव घ्या. एसटी स्टँडच्या आसपास मोबाइल दुरुस्तीचं एखादं अरुंद दुकान असतंच. काउंटरवर पोट उघडून ठेवलेले हँडसेट, हीट गन, भिंगाचा दिवा आणि वरच्या फ्लेक्सवर ठळक अक्षरं: ‘सर्व प्रकारचे लॉक काढून मिळतील’. या एका ओळीत निदान पाच वेगळी लॉक दडलेली असतात. पोरगं पॅटर्न विसरलं, ते एक. फोन रिसेट मारला आणि तो जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागत बसला, ते दुसरं. दुकानदार त्याला एफआरपी म्हणतो. आयफोन आधीच्या मालकाच्या आयक्लाउडला बांधलेला, ते तिसरं. हप्ता थकला म्हणून फायनान्सवाल्यानं बसल्या जागेवरून स्क्रीन बंद पाडली, ते चौथं. आणि पाचवं नेटवर्क लॉक. फोन धडधाकट, कार्ड चालू, गावात रेंजही आहे, पण हा फोन ते कार्ड स्वीकारत नाही.

हा लेख मुख्यतः या पाचव्या लॉकबद्दल आहे. चौथं त्याचंच धाकटं भावंड, त्यामुळे तेही पुढे येईल.

नेटवर्क लॉक चालतं कसं, हे समजायला सिमकार्डाच्या आत डोकवावं लागतं. आपला दहा आकडी नंबर हा कार्डाचा खरा नंबर नव्हे. कार्डात पंधरा आकड्यांचा एक वेगळा क्रमांक लिहिलेला असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारतासाठी बहुतेक ४०४ किंवा ४०५. पुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनीचे आणि सर्कलचे. एअरटेलचं महाराष्ट्रातलं कार्ड असेल तर ४०४-९०, बीएसएनएलचं असेल तर ४०४-६६. फोन सुरू झाला की तो आधी कार्डातला हा क्रमांक वाचतो. लॉक असलेल्या फोनच्या आतल्या भागात परवानगी असलेल्या आकड्यांची एक यादी कोरून ठेवलेली असते. कार्डाचे आकडे यादीत सापडले तर फोन टॉवरकडे वळतो. नाही सापडले तर तिथंच थांबतो आणि अनलॉक कोड मागतो, किंवा सरळ कार्ड चालणार नाही असं सांगतो.

म्हणजे लॉक टॉवर तपासत नाही, कार्ड तपासतं. उमरग्याच्या माणसाला हा फरक चटकन कळेल. हद्द ओलांडून आळंदला गेलं की फोन कर्नाटकातल्या टॉवरला चिकटतो, पण कार्ड महाराष्ट्राचंच राहतं. म्हणून लॉक असलेला फोनही पलीकडे बिनबोभाट चालतो. गंमत उलट बाजूची आहे. भारतात एकाच कंपनीला प्रत्येक सर्कलमध्ये निराळा आकडा मिळालेला आहे. एअरटेलचं कर्नाटकातलं कार्ड ४०४-४५ नं सुरू होतं. फोनमधल्या यादीत फक्त ४०४-९० असतं, तर आळंदच्या पाहुण्याचं कार्ड त्याच कंपनीचं असूनही उमरग्यातल्या फोननं नाकारलं असतं. भारतासाठी लॉक करायचा म्हटलं की कंपनीला आपल्या सगळ्या सर्कलचे आकडे यादीत घालावे लागतात.

आता किल्ली. जुन्या फोनमध्ये ही किल्ली म्हणजे आकड्यांचा एक कोड असे. प्रत्येक हँडसेटला पंधरा आकड्यांचा आयएमईआय असतो. *#०६# दाबलं की तो दिसतो. काही जुन्या कंपन्यांनी अनलॉक कोड याच आयएमईआयवरून ठराविक गणितानं काढलेला होता. गणित फुटलं की कोड फुटला. नोकियाच्या त्या काळच्या फोनना पाच वेळा चुकीचा कोड घातला की ते कायमचे अडून बसत. मग दुकानदार केबल आणि ‘बॉक्स’ लावून आतलं सॉफ्टवेअरच बदलायचा. त्यालाच फ्लॅश मारणं म्हणतात. आयफोनमध्ये असा कोडच नाही. कुठला फोन कुठल्या नेटवर्कला बांधलेला आहे, याची नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते. ज्या कंपनीनं लॉक लावलं ती ‘सोडा’ म्हणाली की नोंद बदलते. म्हणून आयफोनचा अनलॉक कोड विकतो म्हणणाऱ्याला हात जोडावेत. काही ठिकाणी सिमच्या खाली कागदाइतकी पातळ चिप ठेवून फोनला फसवतात. दुकानात तिला आर-सिम म्हणतात. ती चालते, पण ॲपलचा पुढचा अपडेट आला की बंद पडते, आणि दुकानदार वर म्हणतो, ‘साहेब, अपडेट मारायचं नव्हतं.’

एवढा उपद्व्याप कंपन्या करतात कशाला? याचं उत्तर वाशी, भूम, कळंबच्या माणसाला शहरातल्या माणसापेक्षा लवकर पटेल. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतं. उचल अंगावर असेपर्यंत कोयता त्याच टोळीत. दुसऱ्या मुकादमानं जास्त दर दिला तरी जाता येत नाही. कंपनीनं पंचवीस हजारांचा फोन पाच हजारांत हातात ठेवला, तर वरचे वीस हजार ही तिनं दिलेली उचल आहे. ती दोन वर्षांच्या बिलांतून वळती करून घ्यायची आहे. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या टोळीत पळू नये म्हणून लॉक. यात गैर काही नाही, असं मला वाटतं. घेतलेलं फेडावं लागतं. प्रश्न उचल फिटल्यानंतर सुरू होतो. किल्ली आपोआप मिळते का, मागावी लागते का, आणि मागितली तर तिचे वेगळे पैसे पडतात का? जगभर या विषयावर जी भांडणं झाली, ती सगळी या प्रश्नाभोवती.

भारतात असं लॉक फारसं रुजलं नाही, कारण आपल्याकडे उचलच नव्हती. आपले बहुतांश ग्राहक प्रीपेडचे. दुकानात रोख मोजून हँडसेट घ्यायचा, शेजारच्या टपरीवरून कार्ड आणायचं, रिचार्ज मारायचं. कंपनीचा फोनशी संबंध नाही, तर ती लॉक कशाला लावेल? पण अपवाद आहेत, आणि ते पाहण्यासारखे आहेत.

पहिला मोठा अपवाद रिलायन्स इन्फोकॉमचा. २००२ च्या डिसेंबरात त्यांनी सीडीएमए तंत्राची सेवा जाहीर केली आणि २००३ च्या पावसाळ्यात ‘मान्सून हंगामा’ नावानं ५०१ रुपये भरून फोन घरी न्यायची योजना आणली. उरलेले पैसे महिन्याच्या बिलातून. ज्या काळात मोबाइल म्हणजे डॉक्टर, कंत्राटदार आणि पुढाऱ्यांच्या खिशातली वस्तू होती, त्या काळात ५०१ हा आकडा मराठवाड्यातल्या शिक्षकाला, किराणा दुकानदारालाही झेपणारा होता. या फोनना कार्डच नव्हतं. नंबर थेट हँडसेटमध्ये भरलेला. याहून पक्कं लॉक कोणतं? कार्ड काढून दुसरं घालण्याचा प्रश्नच येत नव्हता. बिलाचं गणित अनेकांना समजलं नाही, हप्ते थकले, कंपनीनं नंबर बंद केले आणि फोन पोरांच्या खेळण्यात गेले. ज्यांनी सगळे हप्ते भरले, त्यांच्याही हातात शेवटी तेच राहिलं. हँडसेट पूर्णपणे त्यांचा झाला, पण दुसऱ्या कुणाच्या नेटवर्कवर तो चालणारच नव्हता. पुढे नाव रिलायन्स कम्युनिकेशन्स झालं आणि २०१७ च्या अखेरीस मोबाइल सेवाच गुंडाळली गेली.

दुसरा अपवाद श्रीमंतांचा, म्हणून त्याची चर्चा इंग्रजी पेपरांत जास्त झाली. २००८ च्या २२ ऑगस्टला आयफोन थ्री-जी भारतात आला, तो एअरटेल आणि व्होडाफोन यांच्यामार्फत. ८ जीबीच्या फोनला ३१ हजार रुपये. अमेरिकेत तोच फोन दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता, तेव्हाच्या दरानं साधारण साडेआठ हजार. अमेरिकन ग्राहकाला स्वस्तात मिळाला म्हणून त्याच्या फोनला लॉक, हे समजतं. इथं मात्र एकतीस हजार रोख मोजायचे आणि वर लॉकही सोसायचं. उचल न घेता मुकादमाकडे बांधून राहण्यातला हा प्रकार. पुढे याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार गेली: फोनबरोबर नेटवर्कची सक्ती का? आयोगानं २०१३ च्या मार्चमध्ये प्रकरण बंद केलं. ॲपलचा भारतातल्या स्मार्टफोनच्या बाजारातला वाटा अगदी लहान आहे, गिऱ्हाइकाला दुसरे फोन आणि दुसरी नेटवर्कं उपलब्ध आहेत, स्पर्धेला बाधा आलेली नाही, असा निष्कर्ष. स्पर्धा कायद्याच्या चौकटीत तो बरोबर असेल. पण स्पर्धा आयोग बाजाराची तब्येत पाहतो. एकतीस हजार मोजलेल्या माणसाला किल्ली का मिळू नये, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत बसत नाही. तो प्रश्न तसाच राहिला.

मधल्या काळात एक वेगळीच फी गावोगाव भरली गेली. तेव्हा बाजारात ‘चायना मोबाइल’चा सुळसुळाट होता. मोठा स्पीकर, दोन सिम, आणि आयएमईआय एक तर नाहीच किंवा शून्यांची रांग. सरकारनं सुरक्षेसाठी अशा फोनचे कॉल बंद करायला सांगितलं आणि अनेकदा मुदत वाढवून अखेर २००९ च्या ३० नोव्हेंबरला ते बंद झाले. फोन वाचवायचा असेल तर अधिकृत केंद्रात जाऊन १९९ रुपयांत खरा आयएमईआय बसवून घ्यायचा, अशी सोय मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं केली होती. ज्याचा फोनच दीड-दोन हजारांचा, त्याला १९९ जड वाटले यात नवल नाही. हे नेटवर्क लॉक नव्हतं, पण विकत घेतलेला फोन चालू ठेवायला पुन्हा पैसे, ही गोष्ट लोकांनी तेव्हा पहिल्यांदा चाखली.

नंतर इंटरनेटचे डोंगल आले. २०१० नंतरची काही वर्षं जिल्ह्यातल्या सेतू केंद्रांचे आणि झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानांचे संगणक या पेनड्राइव्हसारख्या तुकड्यांवर चालत. आयडियाचं नेटसेटर, तसंच एअरटेल आणि व्होडाफोनचे डोंगल बहुधा चिनी कंपनी हुआवे किंवा झेडटीईचे असत आणि त्या त्या कंपनीला बांधलेले. नेटवर्क लॉकची खरी ओळख तालुक्याला इथं झाली. एका कंपनीचा डोंगल घेतला, महिन्याभरात कळलं की दुकानात तिची रेंज येत नाही, पलीकडच्या कंपनीची येते. कार्ड बदललं तर स्क्रीनवर कोड मागणारी चौकट. हुआवेच्या त्या डोंगलना दहा प्रयत्नांची मुभा असे. त्यांचं कोडचं गणितही फुटलेलं होतं. आयएमईआय टाकला की कोड काढून देणारा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळायचा. ते ज्याला ठाऊक होतं त्यानं फुकटात उघडलं, ज्याला नव्हतं त्यानं दुकानदाराला पैसे दिले. दुकानदारालाही दोष देता येत नाही. माहितीलाही किंमत असते.

याच सुमारास, २०११ च्या २० जानेवारीला, देशभर नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, फी सुरुवातीला १९ रुपये. आता तर ती सहा-साडेसहा रुपयांवर आलेली आहे आणि बहुतेक वेळा गिऱ्हाइकाकडे कुणी मागतही नाही. पोर्ट लिहून, एक जागा सोडून आपला नंबर १९०० वर पाठवायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो, नव्या कंपनीकडे जायचं, सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन कामकाजाच्या दिवसांत काम होतं. नंबर मोकळा झाला. फोन मात्र बांधलेला असेल तर पोर्टेबिलिटीचा उपयोग शून्य, आणि ही गाठ सहा वर्षांनी फार मोठ्या प्रमाणावर पडली.

२०१७ च्या २१ जुलैला जिओफोन जाहीर झाला. किंमत शून्य, पण १,५०० रुपये अनामत. तीन वर्षांनी फोन परत केला की ती परत. कीपॅडचा फोन, पण फोर-जी; त्यावर यूट्यूब आणि व्हॉट्सॲपही पुढे आलं. २०१८ च्या जुलैत जुना साधा फोन देऊन ५०१ रुपयांत जिओफोन, अशी योजना आली आणि तिचं नाव होतं ‘मान्सून हंगामा’. पंधरा वर्षांपूर्वीचं नाव आणि पंधरा वर्षांपूर्वीचाच आकडा. यावेळी कंपनी नवी, थोरल्या अंबानींची. मधे २००५ मध्ये अंबानी बंधूंच्या वाटण्या झाल्या होत्या आणि दूरसंचाराचा जुना व्यवसाय धाकट्या अनिल यांच्याकडे गेला होता. जिओफोन किती खपला? १० कोटींहून जास्त, असं कंपनीनं २०२० मध्ये सांगितलं.

अटी बारीक अक्षरांत होत्या. फोनमध्ये फक्त जिओचं कार्ड. वर्षाला किमान १,५०० रुपयांचं रिचार्ज. पहिल्या वर्षात परत करायचा तर १,५०० रुपये कापले जाणार, दुसऱ्या वर्षात हजार, तिसऱ्या वर्षात पाचशे, वर जीएसटी. अनलॉक फी असा शब्द कुठं नव्हता, पण मुदतीआधी सुटका करून घ्यायची किंमत ठरलेली होती, आणि ती भरूनही फोन मोकळा होत नव्हता. तो परत जात होता. मुदत पूर्ण झाल्यावरही निवड एवढीच: फोन द्या आणि अनामत घ्या, किंवा अनामत विसरा आणि फोन ठेवा, तोही जिओचाच. किल्ली या व्यवहारात नव्हतीच.

काउंटरवर हे कसं दिसायचं?

“दादा, ह्यात बीएसएनएलचं कार्ड का चालंना? नवीन घातलंय.”

“मावशी, हा जिओचाच फोन हाय. दुसरं कार्ड घेत न्हाई.”

“मग काढा की त्याचं लॉक. वर लिवलंय न्हवं, समदे लॉक काढता म्हणून.”

दुकानदार हसतो आणि फोन परत देतो. या फोनचं लॉक काढून देणारे व्हिडिओ पुष्कळ फिरले. त्यातल्या बऱ्याच उपायांत फोनच निकामी व्हायचा.

मावशीला दुसरं कार्ड कशाला हवं होतं, हे शहरातल्या माणसाला सहज लक्षात येत नाही. पुण्या-मुंबईत कंपनी बदलतात ती दरासाठी. बालाघाटच्या रांगेवर कंपनी बदलतात ती टॉवरसाठी. भूम, वाशी, कळंब, तुळजापूरच्या डोंगरउताराच्या वाड्यांवर एका वळणावर एका कंपनीची रेंज, दुसऱ्या वळणावर दुसरीची. घरात एकीची, शेतात दुसरीची. दिवाळीच्या आसपास टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकातल्या कारखान्यावर गेली की फडात कुठली कंपनी लागेल, हे गेल्याशिवाय कळत नाही. अशा माणसाला दोन सिमचा मोकळा फोन ही गरज असते, आणि त्याच्याच वाट्याला एक सिमचा बांधलेला फोन येतो, कारण तो स्वस्त असतो. मला या सगळ्या प्रकरणातली खरी किंमत इथं दिसते. शहरात लॉकची किंमत रुपयांत मोजता येते. इथं आजारी सासूचा फोन कारखान्यावर लागला की नाही, यात ती मोजावी लागते.

तरीही एकतर्फी बोलून चालणार नाही. जिओफोनमुळे ज्यांच्या घरात पहिल्यांदा इंटरनेट आलं, त्यांच्यासाठी तो व्यवहार वाईट नव्हता. २०२३ च्या जुलैत आलेला जिओ भारत ९९९ रुपयांचा, तोही जिओपुरताच. अनामत नाही, परतीची भानगड नाही. तेवढ्या पैशांत यूपीआय चालणारा फोर-जी फोन तेव्हा दुसरा नव्हता. घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवून घेतला तर त्यात फसवणूक नाही. दुकानदारानं ‘दुसरं कार्ड चालणार नाही’ एवढं वाक्य आधी सांगितलं की झालं. बहुतेक वेळा तेच सांगितलं जात नाही.

बाहेरच्या देशांनी या लॉकचं काय केलं? कॅनडात अनलॉक करून द्यायला कंपन्या साधारण ५० डॉलर घेत. फोनचे पैसे फिटलेले, करार संपलेला, तरी किल्लीचे ५० डॉलर. एका वर्षात, २०१६ मध्ये, कंपन्यांनी या एका फीतून ३ कोटी ७७ लाख कॅनेडियन डॉलर कमावले. आकडा बाहेर आला, लोक चिडले आणि तिथल्या नियामकानं २०१७ च्या १ डिसेंबरपासून ही फी बंद केली. नवे फोन मोकळेच विकायचे असाही नियम केला. ब्रिटनमध्ये एका मोठ्या कंपनीची फी ८.९९ पौंड होती; तिथं २०२१ च्या डिसेंबरपासून लॉक केलेले फोन विकायलाच बंदी आहे. जपाननंही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून सिम लॉक जवळपास संपवलं. अमेरिकेत वेगळाच तमाशा झाला. तिथल्या कॉपीराइट कायद्याचा अर्थ असा लागला की कंपनीच्या परवानगीशिवाय स्वतःच्या फोनचं लॉक उघडणं हा गुन्हा. २०१३ च्या जानेवारीपासून नव्या फोनना ते लागू झालं. एक लाखाहून जास्त लोकांनी व्हाइट हाऊसकडे अर्ज केला, आणि २०१४ च्या १ ऑगस्टला बराक ओबामांनी सही केलेल्या कायद्यानं ते पुन्हा वैध झालं. लॉक मात्र अमेरिकेत अजून आहे.

आणि म्हणूनच ते धाराशिवपर्यंत येतं. जिल्ह्यातली मुलं पुण्या-हैदराबादमार्गे अमेरिकेत गेली आहेत. सुट्टीला येताना कुणीतरी काकांसाठी आयफोन आणतोच. तो तिकडच्या कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला असेल तर इथं कार्ड घातल्यावर ‘सिम चालत नाही’ असं दिसतं. तो इथल्या कुठल्याही दुकानात सुटत नाही. सुटतो तो तिकडून. एटी अँड टीसारखी कंपनी सगळे हप्ते फिटले, फोन ६० दिवस वापरात राहिला आणि चोरीला गेल्याची नोंद नसेल, तर अर्ज केल्यावर फुकट सोडते. म्हणजे विमानात बसायच्या आधी तिकडेच करायचं काम. सेटिंग्ज, जनरल, अबाउट या वाटेनं गेलं की ‘कॅरियर लॉक’ अशी ओळ दिसते. तिथं कुठलेही निर्बंध नाहीत असं असेल तर फोन मोकळा. आणखी एक गोम आहे. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना कार्डाची खाचच नाही. ते फक्त ई-सिमवर चालतात. काकांनी जिओ, एअरटेल किंवा व्हीआयकडून ई-सिम घ्यावं, म्हणजे काम होतं. खाच शोधत बसू नये.

अनलॉक झालेला प्रत्येक फोन चालतोच असंही नाही. लॉक ही सॉफ्टवेअरची गोष्ट, बँड ही यंत्राची. जिओचं फोर-जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं आणि त्यांच्याकडे टू-जी, थ्री-जी नाहीच. बाहेरून आणलेल्या जुन्या अँड्रॉइडमध्ये यांतला एकही बँड नसेल किंवा व्होल्टी, म्हणजे फोर-जीवरूनच बोलायची सोय, नसेल, तर लॉक उघडूनही जिओवर बोलता येणार नाही. सॅमसंगनं २०१३ पासून काही वर्षं देशाचं लॉकही लावलं होतं: फोन ज्या भागासाठी बनवला, तिथल्या कार्डावरून आधी काही मिनिटं बोलल्याशिवाय बाहेरचं कार्ड चालणार नाही. आखातातून फोन आणणाऱ्यांना दुकानदार ‘कंट्री लॉक आहे’ म्हणून सांगायचे ते हेच.

आता धाकटं भावंड. आपल्याकडे नेटवर्क कंपनी उचल देत नव्हती. ती जागा फायनान्स कंपनीनं घेतली. आधार, पॅन, दोन फोटो, पंधरा मिनिटांत वीस हजारांचा फोन हप्त्यावर. या फोनमध्ये विकतानाच एक नियंत्रण बसवलेलं असू शकतं. सॅमसंगची नॉक्स गार्ड नावाची यंत्रणा नेमकी त्यासाठी आहे, आणि अँड्रॉइडमध्येही दुरून कुलूप घालायची सोय आहे. हप्ता चुकला की स्क्रीन बंद. फोन रिसेट मारला तरी ते जात नाही. रिझर्व्ह बँकेनं अशा लॉकना आधी हरकत घेतली होती. कर्जदारांच्या हक्कांची हमी देऊन त्याला परवानगी द्यावी का, हा विषय तपासला जात असल्याचं गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं. माझं मत विचाराल तर नेटवर्क लॉकपेक्षा हे जास्त कडक आहे. नेटवर्क लॉकमध्ये निदान एका कंपनीचं कार्ड चालत असे. इथं मजुरीचा निरोप, रेशनचा ओटीपी, पोराचा अभ्यास, सगळंच एका थकलेल्या हप्त्यावर बंद.

लॉक काढण्याच्या नादात एक रेषा मात्र ओलांडू नये. काही जण लॉकबरोबर आयएमईआयच बदलून देतात. ते गुन्ह्यात बसतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जुना फोन घेताना आधी *#०६# दाबून आयएमईआय पाहावा आणि केवायएम लिहून, एक जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर पाठवावा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथंच कळतं.

नवा फोन घेताना पावतीआधी विचारा: दुसऱ्या कंपनीचं कार्ड चालतं का? शक्य असेल तर शेजाऱ्याचं कार्ड काउंटरवरच घालून पाहा. हप्त्यावर घेत असाल तर लॉकचं सॉफ्टवेअर आहे का, आणि शेवटचा हप्ता फिटल्यावर ते कोण काढणार, हे लिहून घ्या. शेवटच्या हप्त्यानंतर ना हरकत प्रमाणपत्र मागा आणि ते नियंत्रण काढल्याशिवाय दुकानातून उठू नका. फायनान्स कंपनी दाद देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, माहितीसाठी १४४४८. दुकानदार किंवा हँडसेट कंपनीची तक्रार १९१५ वर नोंदवता येते. त्यानंही भागलं नाही तर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं शुल्क पडत नाही.